पारूने पेरलेल्या तिसऱ्या

पारू गेल्याचं सांगायला तिचा नवरा धर्मा नाखवा स्वतः अंधेरीला आमच्याकडे आला. दारातूनच म्हणाला, "ताई, पारू गेली... धनुर्वातानं." कालवाच्या शिंपेच्या धारेने तिचा पाय कापला होता. तिने चिंधी बांधली आणि पुन्हा चिखलात उतरली. ज्या चिखलात वेसाव्याचं दुसरं कुणीच आता उतरत नव्हतं, तिथे.

पारू आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. माझं लग्न हपिसात जाणाऱ्या माणसाशी झालं, तिचं कोळीवाड्यातच. पण मैत्री तुटली नाही. ओहोटीला खाडीच्या चिखलातून ती तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची, पाटी घेऊन टांग्याने अंधेरीला यायची आणि विकून झाल्या की आमच्या ओट्यावर चहा प्यायची. हसायची इतकी मोठ्याने, की शेजारच्या काकू खिडकी लावून घेत.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी तेलाचं एक जहाज खडकावर चढून फुटलं. किनारा काळा झाला. पावसाळ्यात वाळू धुऊन निघाली, लोक पुन्हा हवा खायला येऊ लागले, म्हणू लागले, झालं साफ. पारूने मला हात धरून खाडीत नेलं आणि वीतभर खणलं. आत सगळं काळं, चिकट, रॉकेलसारखा वास. तोंड उघडलेल्या रिकाम्या शिंपल्या. चिंबोरीचं एक बीळ नाही, साधा किडा नाही.

"वरून दर्या निळा हाय गं," ती म्हणाली, "आनी खाली मसण."

मग ती मनोरीच्या खाडीतून बारक्या, जिवंत तिसऱ्या आणून इथे पेरू लागली. बायका म्हणायच्या, येड लागलंय हिला. पहिल्या वर्षी सगळ्या मेल्या. दुसऱ्या वर्षीही. "पुरे ना गं," मी म्हटलं, "मनोरीच्याच आणून विक." ती म्हणाली, "माझ्या आयेनं हितं खनलं, तिच्या आयेनं हितं खनलं. मी पोरीला काय मसण देऊ?"

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र थोड्या जगल्या. ओंजळभर घेऊन ती धावतच आली. माझ्याच चुलीवर, खोबरं-कोकम घालून तिने त्या रांधल्या. पहिला घास तोंडात घातला... आणि हातावर थुंकला. मीही चव घेतली. रॉकेल. तिने पातेलं राखेने घासलं, पुन्हा घासलं, आणि चहा न घेताच गेली.

तरीही पेरत राहिली. का, ते मी कधी विचारलं नाही.

बाराव्याला वेसाव्याला गेले. मागच्या पडवीत मातीच्या परातीत, खाऱ्या पाण्यात, तिने शेवटच्या आणलेल्या तिसऱ्या होत्या. नाखवा रोज भरतीचं ताजं पाणी घालतो. "रांधायला हात होत नाय," तो म्हणाला, "आनी पेरायच्या तर..." मी वाकून पाहिलं. बऱ्याच मेल्या होत्या. एकीने आपली पांढरी जीभ बाहेर काढली होती आणि परातीच्या नुसत्या तळाशी ती चिखल चाचपत होती.