डावीकडचा बाक

टायपिंगबाईंच्या वर्गात प्रत्येक कीबोर्डवर एक लाकडी चौकट असायची, चौकटीवर काळं कापड आणि कापडाखाली शिकणाऱ्याचे हात. अक्षरं बोटांनी शोधायची, डोळ्यांनी नाही, हा बाईंचा एकच नियम. कापड हळूच वर करून डोकावणाऱ्याला त्या पाठ फिरवलेली असतानाही पकडायच्या, असं तीस वर्षांत शिकून गेलेले सगळे शपथेवर सांगतात. पाठीचं माहीत नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना सगळं दिसायचं हे खरं. समोरच्या टेबलाशी वह्या तपासत बसलेल्या बाई मान वर न करताच म्हणायच्या, "तिसरा बाक, कापड खाली."

आणि शंभरपैकी शंभर त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. अख्खं पान बिनचूक टाइप करणाऱ्यालाही नव्याण्णवच. "एक राहू दे माझ्याकडे, नाहीतर शेफारशील," असं वर ऐकवायच्या.

बाईंना अठ्ठावन्नावं लागलं त्या वर्षी वर्गात एक नवल घडू लागलं. डावीकडचा बाक सगळ्यांत आधी भरायचा. तिथे ना पंखा ना खिडकी, भिंतीला ओल, तरी मंडळी दहा मिनिटं आधी येऊन तिथली जागा धरायची. तिथले कीबोर्ड चांगले असतील, असं वाटून बाईंनी ते उजवीकडे हलवले. गर्दी जागची हलली नाही.

घरीही काहीबाही चाललं होतं. डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप हटकून लवंडायचा. कपाटाचं उघडं दार कपाळावर बसायचं. रस्त्यात डावीकडून एखादी सायकल आभाळातून पडल्यासारखी पुढ्यात यायची आणि सायकलवाल्याला बाईंचे चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे. चष्म्याचा नंबर मात्र तोच होता. बाई बारीक अक्षर वाचत होत्या, सुईत दोरा ओवत होत्या. डोळ्यांवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं.

शेवटी तोंड उघडलं एका विद्यार्थिनीने. चाळिशीची बाई, दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभी राहून संध्याकाळी शिकायला यायची. वर्ग सुटल्यावर ती मागे रेंगाळली.

"बाई, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"डावीकडे बसलं की आम्ही तुम्हाला दिसत नाही. सगळ्यांना माहीत आहे. मीसुद्धा महिनाभर तिथेच बसून कापड उचलतेय. पण हे काही बरं लक्षण नाही, बाई. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उद्याच जा."

बाईंना आधी संताप आला तो कापड उचलल्याचा. घर येईपर्यंत संताप ओसरला आणि वडील आठवले. साठीनंतर वडील भिंत चाचपत चालायचे आणि घरातले सगळे म्हणायचे, वय झालं. सकाळी उठल्या उठल्या बाईंनी डोळ्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि मग त्यांना एका मशीनपुढे बसवलं. पांढऱ्या वाडग्यासारख्या पडद्यासमोर हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

इथे बाईंनी घोळ घातला. परीक्षा म्हटल्यावर त्यांना चेव आला. आयुष्यभर ठेक्यात बोटं चालवायला शिकवत आलेली बाई ती. दिव्यांचा ठेका त्यांनी दहाव्या दिव्यालाच पकडला आणि दिसो न दिसो, टक, टक, टक बटण दाबत सुटल्या. उठल्या त्या पैकीच्या पैकी मिळाल्याच्या थाटात.

मशीन चालवणारी मुलगी कागद बघून म्हणाली, "बाई, मशीन मधूनमधून मुद्दाम दिवा लावत नाही. तेव्हाही तुम्ही बटण दाबलंत. अकरा वेळा. पुन्हा बसा."

बाईंचा चेहरा उतरला. कापड उचलताना आज त्या स्वतः सापडल्या होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी दिसेल तेव्हाच दाबलं. मध्ये इतका वेळ काहीच दिसलं नाही, की मशीन बंद पडलंय असं त्यांना वाटलं. मशीन चालू होतं. जिथले दिवे दिसले नाहीत, ती जागा कागदावर काळी उमटली.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदूसारखा काढून टाकता येत नाही. दाबाने मागची नस झिजते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. घराण्यात असला तर धोका जास्त, भावंडांनाही तपासायला सांगा. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही. उजव्यात आत्ताशी सुरुवात आहे. उरलंय ते राखायचं. औषधाचे थेंब, रोज, जन्मभर."

बाई घरी येऊन रडल्या. थोडं स्वतःसाठी, जास्त वडिलांसाठी. मग डोळे पुसून धाकट्या भावाला फोन लावला.

"माझे डोळे ठणठणीत आहेत, ताई."

"माझेही होते. सोमवारी जा."

तो कुरकुरत गेला. दाब वाढलेला निघाला, नजर मात्र शाबूत होती. त्याचेही थेंब सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गातलं आपलं टेबल ओढत नेऊन डाव्या भिंतीला लावलं. आता अख्खा वर्ग त्यांच्या उजव्या हाताला आला. "तिसरा बाक, कापड खाली!" पहिल्या पाच मिनिटांतच आवाज घुमला आणि वर्गाचं धाबं दणाणलं. चष्म्याच्या दुकानातली ती विद्यार्थिनी तेवढी गालातल्या गालात हसली.

सकाळी सात आणि संध्याकाळी सात. थेंब घालायचा, डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटं बसायचं. संध्याकाळचे सात वर्गातच वाजत. त्या दोन मिनिटांत बाईंना काहीच दिसायचं नाही, आणि त्या दोन मिनिटांत कुणी कापड उचललं नाही.

दर वर्षी त्या मशीनपुढे बसताना मात्र बाईंच्या मनात तेच यायचं. कागदावरचं काळं पुढे सरकलं असेल का? उजवाही त्याच वाटेने निघाला असेल का?

सहाव्या वर्षी मशीनवरच्या त्या मुलीने पहिला खरा कागद आणि आजचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. दोन्ही डोळ्यांचं काळं काळ्यावर तंतोतंत बसलं.

"एक ठिपकासुद्धा हललेला नाही, बाई."

"आणि चुकीचं बटण?"

"एकदाही नाही."

बाईंनी कागद हातात घेतला, पर्समधून लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: शंभरपैकी शंभर.