वरचा तुकडा

"आदी कंट्रोल बगा, मॅडम. मंग बोला."

काचांचा ट्रे माझ्या टेबलावर ठेवताना चाचा हे म्हणायचे आणि ट्रेच्या कडेवर मधलं बोट दोनदा टेकवायचे. पहिल्या वर्षी मला राग यायचा. मी शिकलेली पॅथॉलॉजिस्ट, आणि हा माणूस मला रोज बाराखडी शिकवतो! पुढे राग गेला आणि सवय झाली. आता तो आवाज नसला की ट्रे आल्यासारखाच वाटत नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची आमची प्रयोगशाळा. चाचा तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. गाव घाटनांदूर. त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर होतं, एरवी मोठ्या साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचे ते चाचाच. दवाखान्यात आलात तर तुम्हाला असा माणूस दिसत नाही. तो आतल्या खोलीत असतो. पेशंटचा काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे, हे त्याचं काम. डॉक्टर मग सूक्ष्मदर्शकातून बघून विद्वानासारखं बोलतो.

काही आजार साध्या रंगाला दाद देत नाहीत. फुप्फुसाच्या वेष्टनाला होणारा कर्करोग, मेसोथेलिओमा, हा त्यातलाच. साध्या रंगात तो फुप्फुसाच्या दुसऱ्या कर्करोगासारखाच दिसतो. मग खास रंग लावावे लागतात. त्यातल्या एकात पेशी भुऱ्या, म्हणजे तपकिरी झाल्या, तर तोच आजार. निळ्या राहिल्या, तर नाही. पण रंगच खराब झाला असेल, तरीही त्या निळ्याच राहतात! म्हणून चाचा प्रत्येक काचेवर दोन काप घ्यायचे. खाली नव्या पेशंटचा, आणि वर कंट्रोलचा, म्हणजे हा आजार होता हे पक्कं ठाऊक असलेल्या एका जुन्या पेशंटचा. वरचा भुरा झाला, तरच खालच्यावर विश्वास ठेवायचा.

रंगवण्याआधी काचा उकळाव्या लागतात. त्यासाठी आमच्याकडे घरात असतो तसला पाच लिटरचा कुकर होता. एकदा वडवणीचे एक आजोबा रिपोर्ट विचारायला आले आणि शिट्टी ऐकून दारातच थबकले.

"काय शिजायलंय हो?"

"तुमचाच रिपोर्ट हाय, बाबा," चाचा म्हणाले. "कच्चा नेता का?"

आजोबा हसत बाकावर जाऊन बसले. रिपोर्ट हसण्यासारखा नसणार, हे आम्हा दोघांना साध्या रंगावरूनच कळलं होतं.

तेलगावच्या एका बाईंच्या वेळी मी घाई केली. खालचा काप निळा दिसला आणि मी 'हा आजार नाही' असं लिहून मोकळी झाले. चाचा कागद हातात धरून उभेच राहिले.

"कंट्रोल?"

मी पुन्हा बघितलं. वरचाही निळाच होता. आदल्या दिवशी लाइट गेली होती आणि फ्रिजमधली रंगाची बाटली खराब झाली होती. नवी बाटली येईपर्यंत थांबलो, पुन्हा रंगवलं, तर दोन्ही तुकडे भुरे. त्या बाई तीनेक महिन्यांत गेल्या. मी वैतागून चाचांना म्हटलं, "मग कशाला करायचं हे सगळं? भुरं निघालं तरी माणूस जातो, निळं निघालं तरी बहुतेक जातोच."

"खरं काय ते त्यास्नी कळाया पायजे का न्हाई?" ते म्हणाले. "आपल्या हातात तेवडंच हाय, मॅडम."

त्यांना एकाच गोष्टीची काळजी असायची. कंट्रोलचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा. दर वेळी एक काप निघायचा आणि ठोकळा तेवढा झिजायचा. चाचा तो उजेडासमोर धरून बघायचे. "ह्यो सरला की दुसरा लागंल," एकदा ते म्हणाले. "म्हंजी दुसऱ्या कुनाला तरी व्हायला पायजे. असं मागावं तर कसं?" आमच्याकडे हा आजार वर्षा-दोन वर्षांत एखादाच यायचा, त्यातही तुकडा बहुतेक तपासातच सरायचा, आणि यावा असं कोण म्हणणार?

एके दुपारी मी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगत होते, की हा आजार बहुतेक अॅसबेस्टॉसच्या धुळीने होतो, आणि ती धूळ तीस-चाळीस वर्षं अंगात गप्प बसून राहते. चाचा मागे काचा पुसत होते.

"सिमेटच्या पत्र्याची धूळ बी चालती का?"

"चालते की," मी फळ्याकडे बघतच म्हणाले. "पत्रा कापताना उडते ती."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मीही नाही. त्या 'चालते की'ची मला आजही लाज वाटते.

नंतर कळलं ते असं. नोकरी लागायच्या आधी चार वर्षं चाचा त्यांच्या अब्बांबरोबर पत्रे बसवायचे. घाटनांदूरपासून वडवणीच्या बाजारापर्यंत कितीतरी शेडवर त्यांच्या हातचे पत्रे होते. करवतीने कापायचे, तोंडाला रुमालसुद्धा नाही. "घरी गेलो की अम्मी म्हनायची, गिरनीतून आलास का? केसात निस्तं पीठ!" हे त्यांनी मला हसत सांगितलं, पण तोवर त्यांना धाप लागायला लागली होती.

छातीत पाणी झालं. आमच्या भागात छातीत पाणी म्हणजे टीबी, हे ठरलेलंच. त्यांनाही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी काढलं की पुन्हा भरायचं. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी तुकडा काढला. दोन दिवसांनी चाचा स्वतःच्या तुकड्याची बाटली स्वतःच घेऊन खाली आले आणि रजिस्टरात नंबर घालायला लागले.

"चाचा, हे दुसरं कोणीतरी करील."

"दुसऱ्याच्या हातानं रंग बसला न्हाई, तर परत करावं लागंल. कशाला उगं दोनदा?"

काप त्यांनीच काढले. कुकर त्यांनीच लावला. मी माझ्या खोलीत बसून दोन शिट्ट्या मोजल्या.

दुपारी ट्रे आला. बोट दोनदा टेकलं. वाक्य मात्र आलं नाही. ते समोरच्या स्टुलावर बसले, कारण आता उभं राहवत नव्हतं.

मी कंट्रोलच आधी बघितला. खोटं कशाला सांगू, काच सरकवताना मी मनात म्हणत होते, देवा, आज कंट्रोल फसू दे. बाटली खराब निघू दे. सगळं पुन्हा करावं लागेल, दोन दिवस तरी मिळतील. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला, ती त्या दिवशी मला खोटी पडायला हवी होती.

वरचा तुकडा छान भुरा होता. चाचांच्या हातून दुसरं काय होणार! खालचाही तसाच होता.

"कंट्रोल बगितला?"

"बघितला."

"बसला?"

"बसला, चाचा."

त्यांनी मान हलवली. खालच्याचं विचारलंच नाही. माझे डोळे भरले होते, ते त्यांनी बघितलं, आणि उलट मलाच पाण्याचा ग्लास दिला. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "घरी पानी झालंय म्हून सांगितलंय. हळूहळू सांगतो मी. आन मॅडम, जुना ठोकळा सरत आलाय. माजा चांगला मोटा निगालाय. टाकू नगा. तपास झाला की कंट्रोलला लावा. मी लिहून देतो."

खरंच लिहून दिलं त्यांनी. खाली सही केली, आणि सहीखाली एक ओळ वाढवली: काप पातळ काढावेत.

सात महिन्यांनी ते गेले. प्रयोगशाळेतले आम्ही तिघं घाटनांदूरला जाऊन आलो. घरावर पत्रे होते. मी वर बघायचं टाळलं.

आता ट्रे दुसऱ्या हातांनी येतो, मुकाट्याने. मी काच लावते आणि आधी वर बघते. वर चाचा असतात, खाली कोणी नवा माणूस. चाचा अजून एकदाही फसलेले नाहीत.

परवा ठोकळा उजेडासमोर धरून बघितला. काप पातळच काढतो आम्ही, तरी अर्ध्याहून जास्त झिजलाय. दुसरा लागेल. तो कसा मागावा, हे मला अजून कळलेलं नाही.