नारळ फोडलेला पूल

आमच्या ऑफिसात काकांना सगळेच काका म्हणायचे, अगदी आमचा अमेरिकन मॅनेजरसुद्धा. ते मूळचे यवतमाळकडचे. तरुणपणी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, मग इकडे अमेरिकेत आले आणि पूल बांधण्यात किंवा दुरुस्त करण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. मी पुण्याची, त्यांच्याहून पुष्कळ लहान, त्यांच्या हाताखाली काम करणारी. जॉर्जियातल्या अल्फारेटात आमची घरं जवळजवळ होती. काकू वारल्यापासून ते रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. माझी मुलं त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते मुलांशी वऱ्हाडी मराठीत, आणि दोन्ही बाजूंचं उत्तम जमायचं.

काकांची एक खोड होती. नारळ फोडल्याशिवाय त्यांचं कुठलंच काम सुरू होत नसे. पुलाचं भूमिपूजन असेल तर समजू शकतं, पण हा माणूस साध्या पाहणीलासुद्धा इंडियन स्टोअरमधून नारळ घेऊन यायचा. पार्किंग लॉटच्या कडेला फोडायचा आणि खोबऱ्याचे तुकडे मीटिंगमध्ये फिरवायचा. मी त्यांना चिडवायचे की काका, तुम्ही ईमेल उघडण्याआधीही एक वाढवत जा. ते शांतपणे म्हणायचे, ‘‘काहून गं, त्याच्याशिवाय काम सुरू झालं असं वाटते का?’’ त्यांना खरंच वाटत नसे.

अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरचं काम आलं तेव्हा मी खुशीत होते. जॉर्जियाच्या सपाट हायवेंचा मला कंटाळा आला होता आणि हे डोंगरातलं काम होतं. वादळाने एका नदीवरचा पूल वाहून नेला होता. पलीकडे एक वस्ती, चाळीसेक घरं. नदीला पाणी कमी असलं की लोक गाड्या पात्रातून घालायचे, पाणी वाढलं की घरात बसून राहायचे. आम्ही नवीन पुलाचा आराखडा करून द्यायचा होता.

डोंगरात शिरल्यावर काका एकदम बोलायलाच लागले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर होते, आंबे होते, केळी होती. एका वळणावर एक जुनं, जाड भिंतींचं बसकं घर दिसलं. काकांनी गाडी थांबवायला लावली. स्पॅनिश राजवटीत रस्ता राखणाऱ्या कामगारांना राहायला अशी घरं बांधली होती, असं आमच्या ड्रायव्हरने सांगितलं. कामगाराने आपल्या वाट्याच्या रस्त्याचे खड्डे बुजवायचे, नाल्या साफ ठेवायच्या. ‘‘म्हणजे आपला मैलकुलीच की,’’ काका म्हणाले, आणि त्या घराभोवती दोन फेऱ्या मारून आले. बेटावर राज्य आधी स्पॅनिशांचं, मग अमेरिकनांचं. रस्ता केला तो डोंगरातली कॉफी बंदरावर न्यायला. काकांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या जिल्ह्यातले रस्ते इंग्रजांनी कापसासाठी केले होते. कापूस जिथे नव्हता तिथल्या गावांना पावसाळ्यात नदी ओलांडायला पूल नव्हता, आणि त्या गावांपैकी एक त्यांच्या आईचं माहेर होतं.

इथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडता येत नाही. म्हणजे पासपोर्ट अमेरिकेचा, सैन्यात जायचं अमेरिकेच्या, आणि पूल हवा असेल तर समुद्रापलीकडे अर्ज करायचा. मी व्हिसावर राहणारी बाई. माझी अशी समजूत होती की नागरिक झालं की माणसाचं म्हणणं ऐकलं जातं. त्या बेटावर ती समजूत गेली.

वस्तीत सगळ्यात पहिलं घर एका आजींचं होतं. तरुणपणी त्या न्यूयॉर्कला शिवणकामाच्या कारखान्यात होत्या, त्यामुळे इंग्रजी चांगलं बोलायच्या. नवरा गेलेला, मुलगी ऑर्लँडोला. आजींना हृदयाचा त्रास होता, चार पावलं चाललं तरी दम लागायचा. दवाखाना नदीच्या अलीकडे. मुलगी कधीची मागे लागली होती की घर बंद कर आणि माझ्याकडे ये. आम्ही गेलो तेव्हा आजींची बॅग खरोखरच भरलेली होती. कोंबड्या शेजारणीला देऊन झाल्या होत्या. त्यांनी आम्हाला कॉफी दिली, आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर भात आणि घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ वाढली. काका दोनदा भात मागून घेऊन जेवले.

जेवताना कळलं की आजींचे वडील रस्त्यावरचे कामगार होते, त्या वळणावरच्या घरात त्यांचं बालपण गेलं होतं. काकांचा चेहरा असा खुलला की मला हसू आलं. मग दोघं बोलत बसले. वडील दरड कोसळली की रात्रंदिवस तिथेच असायचे, रस्ता मोकळा झाल्याशिवाय घरी यायचे नाहीत, असं आजी सांगत होत्या. रस्त्याच्या माणसांनी काम धरलं की ते सोडत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोअरचं मशीन आलं. पूल बांधण्याच्या किती आधीची ही पायरी! खाली खडक कुठे लागतो हे बघायला जमिनीत भोक पाडून मातीचे नमुने काढायचे, बस. पण काकांना नारळ हवा होता. इंडियन स्टोअर तिथे कुठलं, त्यांनी आजींनाच विचारलं. आजींच्या परसात माडाखाली सुके नारळ पडलेले होते. त्यातला एक निवडून त्यांनी पदरात आणावा तसा अॅप्रनमध्ये आणला. काकांनी तो सोलला, शेंडी ठेवली, तुटलेल्या पुलाच्या काठावरच्या दगडावर पाणी शिंपडलं, हात जोडले आणि एका फटक्यात फोडला. वस्तीतली बरीच माणसं जमली होती. सगळ्यांना खोबरं मिळालं. मशीन चालवणाऱ्यांनीही टोप्या काढल्या.

आजींनी विचारलं की याचा अर्थ काय. काका म्हणाले, काम सुरू झालं.

‘‘आणि मग?’’

‘‘मग ते अर्धवट सोडायचं नसतं,’’ काका म्हणाले. ‘‘आमच्यात तसं चालत नाही.’’

त्यांना जे म्हणायचं होतं ते मला कळलं. आपल्याकडे कुणालाही कळलं असतं. नारळ फुटला म्हणजे सुरुवात शुभ झाली, पुढचं देवाच्या आणि खात्याच्या हातात. आपण असे किती नारळ फुटलेले बघतो आणि खोबरं खाऊन घरी जातो. पण आजी आपल्यातल्या नव्हत्या. एका म्हाताऱ्या इंजिनियरने नदीकाठी उभं राहून सगळ्यांसमोर त्यांना शब्द दिला, असं त्यांनी धरलं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा त्या शेजारणीकडून कोंबड्या परत घेऊन येत होत्या.

आराखडा आम्ही वेळेत दिला. काकांनी त्यावर जीव ओतला होता. पूल साधाच, पण कितीही पूर आला तरी पाण्याच्या वर राहील असा. मग तो ज्या कार्यालयात मंजुरीसाठी गेला तिथून प्रश्न यायला लागले. एका प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसरा यायचा, दुसऱ्याचं दिलं की पहिला नव्या माणसाच्या सहीने परत यायचा. एकदा विचारलं की या ठिकाणी रोज किती वाहनं नदी ओलांडतात. मी चिडून म्हटलं, पूलच नाही तर ओलांडतील कशी? काकांनी माझं उत्तर खोडून सभ्य भाषेत लिहिलं. शेवटी कळलं की आमचं काम मागे टाकलंय, बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं आधी होणार. तोवर तात्पुरता लोखंडी पूल टाका, असं काकांनी कळवलं. तुकडे बोल्टने जोडून टाकायचा पूल असतो, त्याला फारसं काही लागत नाही. त्याचंही उत्तर आलं की विचार चालू आहे.

आजी दर पंधरा दिवसांनी काकांना फोन करायच्या. तक्रार कधीच करत नसत. आज पाऊस आहे, आज कोंबडीने अंडी दिली, आणि मग शेवटी, आमचं काम कुठपर्यंत आलं? काका रविवारी आमच्या घरी जेवून सोफ्यावर बसलेले असताना एकदा असा फोन आला. ‘चालू आहे, चालू आहे,’ असं ते म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी चहा घेतला नाही. मी म्हटलं, काका, त्यांना स्पष्ट सांगा ना, मुलीकडे जा म्हणून. तेव्हा ते माझ्यावर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पेपर निघालेत, मंजुरी येणारच आहे, काम थांबलेलं नाही, असं सगळं ते मोठ्याने बोलत होते आणि माझी मुलगी जिन्यात उभी राहून बघत होती. मला त्यांचा राग आला नाही. आपला शब्द राहील अशी त्या माणसाला खरोखर आशा होती, आणि ती बघवत नव्हती.

ऑक्टोबरात डोंगरात मोठा पाऊस झाला. सकाळी ऑफिसात बसल्यावर बेटावरच्या आमच्या ड्रायव्हरचा फोन आला. आदल्या दिवशी आजींना घरात चक्कर आली होती. अँब्युलन्स अलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. शेजाऱ्यांनी आजींना स्वयंपाकघरातल्या खुर्चीला बांधलं आणि खुर्ची खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून आणली. अलीकडे पोचल्या तेव्हा जीव होता. दवाखान्यात पोचल्या तेव्हा नव्हता. कुणीतरी खुर्चीचा फोटो काढला होता. तो तिथल्या पेपरात आला, मग इकडच्या बातम्यांत आला, आणि दिवसभर सगळ्यांच्या फोनवर फिरला. माझ्या मुलीने शाळेतून आल्यावर मला तो दाखवला. तिला माहीत नव्हतं की त्या बाईच्या हातचं मी जेवले आहे.

मग जे झालं ते मी स्वतः बघितलं नसतं तर मला पटलं नसतं. विचार चालू असलेला तो लोखंडी पूल निघाला. ट्रक आले, क्रेन आली, रात्रीचे दिवे लागले, असं ड्रायव्हर फोनवर सांगत होता. आजींना वस्तीतल्या दफनभूमीत नवऱ्याशेजारी ठेवायचं होतं, आणि नदी उतरत नव्हती, म्हणून शवपेटी अलीकडच्या गावात थांबवून ठेवली होती. काका आणि मी विमानाने गेलो. पोचलो तेव्हा पूल तयार होता. त्यावरून पहिली गाडी गेली ती आजींची.

दफन झाल्यावर सगळे चालत परत निघाले. लोखंडी पत्र्यांवर पावलं वाजत होती. पुलाच्या मध्यावर आजींची मुलगी थांबली. पन्नाशीची असेल, आईसारखंच रुंद कपाळ. आईच्या सांगण्यावरून तिने काकांना ओळखलं होतं. मला वाटलं, आता ही ओरडणार, आणि ओरडली तर बरंच होईल.

तिने हळू आवाजात विचारलं, ‘‘हा टाकायला किती दिवस लागले?’’

काकांनी नियम सांगायला हवे होते, कार्यालयांची नावं घ्यायला हवी होती. त्यांच्या जागी मी असते तर घेतली असती.

‘‘पाच,’’ काका म्हणाले.

‘‘आणि हे लोखंड कुठून आणलं?’’

‘‘बंदराजवळच्या यार्डातून. वादळानंतर आलेलं. तिथेच पडून होतं.’’

तिने कठड्यावर हात ठेवला आणि खाली पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मी तिच्यासाठी तिकीट काढायचे, ती ते कॅन्सल करायला लावायची. मी सांगायचे की आई, ते लोक खोटं बोलतायत. ती माझ्यावर चिडायची. गेल्या दोन महिन्यांत आम्ही त्याच्यावरूनच भांडलो. शेवटचा फोन तर मी आपटलाच.’’

तिने काकांचा हात हातात घेतला, एकदा दाबला आणि ती पुढे निघून गेली. त्यांच्यावर रागवण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती, असं मला वाटलं.

आम्ही दोघंच मागे राहिलो. काकांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्यांना काका म्हणत आले, पण ते म्हातारे झालेत हे मला त्या पुलावर पहिल्यांदा दिसलं.

‘‘मी खोटं नाही बोललो न, पोरी?’’

‘‘नाही, काका,’’ मी म्हणाले. एवढंच मला म्हणता आलं, आणि त्याचा त्यांना काडीचाही आधार झाला नाही, हे मला समोर दिसत होतं.