तोरूला नजर लागली

असेइनच्या गाडीचं नाव तोरू. गाडीला नाव कशाला, असं कोचकोर गावात तरी कुणी विचारत नाही. रंग तांबूस म्हणून तोरू, घोड्याला ठेवतात तसंच. दारातले घोडे आले नि गेले, पण ही लग्नानंतर आली ती असेइन आणि त्याची बायको बुरुल यांच्या बरोबरीनं म्हातारी झाली. आणि यंदा वसंतातला नवरोजचा सण उलटला, तशी ती रुसली.

चावी फिरवली की नुसती कण्हायची. खूप मनधरणी केल्यावर एकदाची सुरू व्हायची, तीही काळा धूर ओकत. सपाटीवर कशीबशी रेटायची, चढ दिसला की हातपाय गाळायची. नेमका तेव्हाच मुलगा एर्मेक बिश्केकहून आला होता. गावाबाहेरच्या टेकाडावर तोरू बसली आणि एर्मेकला त्याच्या चकचकीत बुटांसकट चिखलात उतरून ती ढकलावी लागली. घरी आल्या आल्या चार म्हाताऱ्यांदेखत तो म्हणाला, "बाबा, हिनं तुम्हाला या उन्हाळ्यात खिंडीपलीकडं जायलोच्या कुरणावर नेलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही नेलं, तर ही भंगारात आणि तुम्ही दोघं माझ्याकडं. पाचव्या मजल्यावर."

"कबूल!" असेइन तावातावात बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली. उन्हाळाभर त्या कुरणावर तंबू, मेंढ्या, घोडीचं दूध, यासाठीच तर तो हिवाळा काढायचा! पाचव्या मजल्यावर मेंढी बांधायची कुठं?

त्या दिवसापासून तोरूचं बॉनेट उघडं ते उघडंच. शेजारचा मुकाय, ज्याच्याकडं नवी कोरी जपानी गाडी होती, रोज चहाच्या वेळेला येऊन नाक खुपसायचा. "पेट्रोलात पाणी आहे, बायके," म्हणाला; बायके म्हणजे दादा. टाकी रिकामी करून पुन्हा भरली. "बॅटरी मेली असेल." स्वतःची काढून लावून दिली, तरी तेच. असेइननं नवे प्लग बसवले, ते बघता बघता तव्यासारखे काळे झाले. बुरुलच्या दातांच्या ब्रशनं कार्बोरेटर घासला आणि वर तिच्या शिव्या खाल्ल्या. हवेचा फिल्टर तेवढा त्यानं बघितला नाही. नवरोजलाच तर नवा घातला होता, त्याच्यावर कशाला शंका घ्यायची!

बुरुलचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं. "नजर आहे, अहो. त्या मेल्या मुकायची! 'अजून चालते का हो ही?' असं येता-जाता विचारतो की नाही?" ती अद्रशमान या नजर उतरवायच्या झुडपाच्या वाळक्या काड्या पेटवायची आणि धूर घेऊन "अलास, अलास" म्हणत गाडीभोवती फिरायची. शिवाय आणखी काहीतरी करायची, पण ते नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं.

उन्हाळा लागला तशा मेंढ्या पुतण्याबरोबर पुढं गेल्या. तंबू, कढई, तळलेल्या बोरसोक-पावांची पिशवी नि बुरुल, असं सगळं तोरूत कोंबून असेइन निघाला. अर्ध्या खिंडीत तोरूनं आचका दिला. मागून मुकाय आला, काच खाली केली. "दोर बांधू का, बायके?"

"नीघ तू!" असेइन खेकसला. दोर बांधून वर गेलं तर एर्मेक ते थोडंच धरणार होता?

बुरुल खोकत खाली उतरली. "काय हा धूर! माझ्या चुलीच्या तोंडात बोळा बसला की अशीच काळं ओकते."

"काय म्हणालीस?"

"काही नाही बाई. सरका, मला धूप करू द्या."

असेइन काही सरकला नाही. त्यानं बॉनेट उघडलं आणि फिल्टरची हवा ओढणारी नळी जिथं खालच्या अंधारात वळते, तिथं तिच्यात बोट घातलं. लाल चिंधीची पुडी बाहेर आली. तिच्यामागून दुसरी. मग आणखी एक, निळा मणी ओवलेली. सगळ्यांत अद्रशमान ठासून भरलेलं!

त्याला सगळं आठवलं. नवा फिल्टर घालताना बुरुलनं विचारलं होतं, "हिचं नाक कुठं हो?" आणि यानं मोठ्या ऐटीत दाखवलं होतं. घोड्याला तावीज बांधतात तो तोंडाजवळच! गाडी जितकी गुदमरली, तितक्या बाईनं पुड्या वाढवल्या.

असा संताप आला त्याला! 'अगं बये, तूच जीव घेत होतीस हिचा,' हे शब्द अगदी ओठांवर आले. त्यानं बॉनेटआडून डोकं काढलं. बुरुल धूर घेऊन फिरत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पुटपुटत होती, "अल्ला, काहीही दाखव, पाचवा मजला नको दाखवूस."

असेइननं पुड्या मुकाट्यानं कोटाच्या खिशात कोंबल्या. "झाल्या का फेऱ्या?"

"झाल्या. लावा आता चावी."

तोरू पहिल्याच फटक्यात सुरू झाली आणि तरण्या घोड्यासारखी खिंड चढली. बुरुल वाटभर बोलत होती. "कार्बोरेटर म्हणे! प्लग म्हणे! शेवटी कशानं उतरलं?"

"तुझ्या धुरानं," असेइन गुणी बाळासारखा म्हणाला.

माथ्यावर फोन लागला. "चढली," असेइननं एर्मेकला सांगितलं. पलीकडून एर्मेकनं ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग, "झालं काय होतं तिला?"

"नजर."

"बाबा, चेष्टा पुरे!"

"तुझ्या आईला विचार."

"मुकायची!" बुरुल फोनवर ओरडली.

खाली उतरायच्या आधी बुरुल शालीआड काहीतरी लपवत हळूच बॉनेटकडं सरकली.

"दे इकडं," असेइन म्हणाला. "मी बांधतो." नवी कोरी पुडी घेऊन त्यानं ती समोरच्या आरशाला टांगली.

"अहो, तिथं नाही, नाकात..." बुरुल बोलता बोलता थांबली. असेइनच्या खिशातून लाल चिंधीचं टोक बाहेर आलं होतं. तिच्याच जुन्या रुमालाचं. ती त्या टोकाकडं बघत राहिली, मग बॉनेटकडं, मग नवऱ्याकडं. कानापर्यंत लाल झाली बिचारी. गाडीत येऊन बसली, दार ओढून घेतलं.

"अहो," ती समोर बघत म्हणाली, "एर्मेकला यातलं काही सांगायचं नाही हं."

"कशातलं?" असेइन म्हणाला आणि त्यानं चावी फिरवली.