कोरियाचे शेंगोळे

पहिला घास तोंडात गेला की ते डोळे मिटायचे. बनवणाऱ्याला वाटायचं, आता दाद मिळणार. मग एकच डोळा उघडून ते म्हणायचे, "ह्याला खाणं म्हणतेत?"

हिंगोलीच्या बसस्थानकात ते वाहतूक नियंत्रक होते, मी कंडक्टर. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, लग्नात जेवून उठताना वाढप्यांच्या देखत नाक मुरडणारा. कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर त्यांनी वांग्याच्या भाजीसाठी आचाऱ्याला बाहेर बोलावून झापलं होतं. भाजी मात्र दोनदा मागून घेतली.

घरीही तेच. त्यांच्या बायकोचे शेंगोळे, म्हणजे कुळथाच्या पिठाच्या बोटभर वळकट्या, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या. डब्यातले ते शेंगोळे आम्ही बोटं चाटत खायचो. साहेब डब्याला झाकण लावताना म्हणायचे, "आज जमले न्हाईत." हे रोजचंच. ती माउली असं ऐकत ऐकतच गेली.

साहेब निवृत्त झाल्यावर स्थानकासमोर जवळच्याच हट्टा गावच्या एका पोरीनं कोरियन खाण्याचं दुकान टाकलं. पुण्यातली नोकरी सोडून आली होती. पहिल्याच आठवड्यात साहेब मला ओढून घेऊन गेले.

काडीला टोचून तळलेलं, आत चीज भरलेलं काहीतरी आलं. "भज्याला काहून सुळावर चढवलं?" आंबवलेली कोबी आली, तिला किमची म्हणतात. "लोणचं नासलंय." शेवटी तांबड्या रश्श्यात तांदळाच्या पिठाच्या जाड नळ्या आल्या. नाव तोकबोकी.

"अरे, हे तर शेंगोळेच! पण रबराचे!" साहेब सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं हसले. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या पोरी उठून गेल्या. दुकानवालीचा चेहरा पडला. तोकबोकी मलाही आवडली नव्हती, पण मी गुपचूप गिळली.

त्यानंतर साहेब रोज जाऊ लागले. रोज तोकबोकीच मागवायची आणि रोज नावं ठेवायची. ते ऐकून गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच परत फिरायचं. महिना झाल्यावर पोरीचा संयम सुटला.

"काका, इतकं वाईट हाय तर रोज काहून येऊन राहिले? खरे शेंगोळे कसे असतात ते एकदा करून आणा. मी शिकते."

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच डबा घेऊन हजर. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग. पोरीनं आणि मी एकेक शेंगोळा तोंडात टाकला. वरून लगदा, आत कोरडं पीठ, आणि मीठ तर विचारू नका.

"कच्चे हायेत, काका," पोरगी सरळ म्हणाली.

मी मनात टाळ्या वाजवल्या. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेलं आज त्यांच्या पानात पडलं होतं. आता भांडण होणार म्हणून मी सरसावून बसलो.

साहेबांनी डब्याला झाकण लावलं. "व्हय. चारदा केले. चारी बार असेच झाले. ती कशी करायची, कधी विचारलंच न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्याकडं निदान दिसायला तरी तसलं समोर येतं. म्हणून येतो."

पोरीनं त्यांच्यासमोर गरम तोकबोकीची ताटली ठेवली.

तुम्हाला वाटेल, इथं सगळं गोड झालं. तसं झालं नाही. साहेबांचं तोंड बंद झालं, पण तोवर त्यांची बोलणी गावभर झाली होती. "रबराचे शेंगोळे" म्हणून लोक दुकानाला हसत. दिवाळीनंतर पोरीनं दुकान बंद करायचं ठरवलं आणि पुन्हा पुण्याची वाट धरली. पुढच्या उन्हाळ्यात साहेब वारले.

मी त्यांना माफ केलंय असं नाही. पण दुकानाचा तो शेवटचा आठवडा डोळ्यांपुढून हलत नाही. साहेब भर दुपारी दुकानाच्या पायरीवर उभे असायचे. ज्या आवाजात त्यांनी आयुष्यभर परभणी-नांदेडच्या गाड्या पुकारल्या, त्याच आवाजात ते रस्त्यावरच्या लोकांना बोलावत होते, "या, या! खाऊन तर पाहा! चांगलं हाय!"

लोकांना वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. ते हसून पुढे जायचे.