चौथा खडा बसला

चांदीवर कानस चालवली की भुकटी पडते, तसे आमच्या क्लासमध्ये किस्से पडतात. कितीही झाडा, टेबलाखाली थोडे उरतातच!

शनिवार पेठेतल्या एका खोलीत आम्ही चांदीचे, खड्यांचे दागिने घडवायला शिकतो. शिकवणारे सर जुने सोनार. सगळं शिकवतात, फक्त कौतुक करत नाहीत.

पहिल्याच दिवशी मी करवतीची नऊ पाती मोडली. दहावं हातात देत सर म्हणाले, "ताई, पत्रा कापायचाय. सूड उगवायचा नाहीये!"

दहावं टिकलं.

मग मी कानातले केले. दोन आठवडे नुसती घासत होते. सरांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. "छान. आपला डावा कान मोठा आहे का?"

मोडले, पुन्हा केले. तर उजवा मोठा! तिसरी जोडी मात्र शाळेत घालून गेले. मी शिकवत होते गणित, आणि माझ्या कानांकडेच बघत होती मुलं.

सायली आयटीतली. गॅसच्या टॉर्चने अंगठीचा सांधा जोडायला गेली आणि अंगठीचा वाटाणा झाला!

"सर, अनडू कसं करायचं?"

"वितळवा, ठोका, तार ओढा, परत वळवा. आमच्याकडे एवढंच अनडू आहे."

तिने ते चार वेळा केलं. पाचव्यांदा सांधा नीट जुळला तेव्हा आनंदाने अशी किंचाळली, की खालचे दुकानदार धावत वर आले. "कोण भाजलं?"

आणि कांबळे मॅडम. रिटायर्ड नर्स, वय सदुसष्ट, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येतात. सर त्यांना म्हणाले, "खडा बसवणं बारीक काम आहे, बाई. आपण मणी ओवा."

"अहो सर, तान्ह्या बाळांच्या शिरा शोधण्यात माझी सगळी नोकरी झाली. हा दगड निदान रडत तरी नाही!"

त्यांचे तीन खडे फुटले. चौथ्याला त्यांनी चांदीची कड इतकी सावकाश दाबत आणली, की आम्ही हातातली कामं सोडून बघत राहिलो. बसला!

सरांनी भिंग लावून ती अंगठी बराच वेळ पाहिली. मग उठून कपाटातून एक छोटी डबी आणली. आत जुनी अंगठी, आणि तिच्यातून निघालेला लाल खडा.

"आमच्या मिसेसची. ती जाऊन सहा वर्षं झाली."

"मग तुम्ही का नाही बसवलात?" मॅडमनी विचारलं.

सरांनी आपली स्वतःची हत्यारं त्यांच्यापुढे सरकवली.

"आपण बसवा."