स्वतःलाच पॅक केलं तेव्हा

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि हसायचं नाही हं, हे पहिलेच कबूल करा. आयुष्यभर लोकांच्या टोप्या उडवल्या मी, सगळ्या मोहल्ल्याला माहितीये. पण परवा मी असा फसलो यार, की जीव जायचाच बाकी होता. मतलब, मला तर तो गेलाच वाटला होता!

झालं असं. आमची वरची खोली. इंदूरचा मे महिना. छत तापलं की खोली म्हणजे नुसती भट्टी. पोरगा मिलिंद पुण्याला इंजिनियर आहे, त्यानं एसी पाठवला. वरून फोनवर म्हणतो, "बाबा, एसी लावायच्या आधी खोलीच्या फटी बंद करा. नाहीतर सगळी थंड हवा बाहेर पळेल आणि मशीन उगाच राबत बसेल."

"मग करू काय?"

"छतावर पांढरा चुना मारा. खिडकीला थर्माकोल लावा, ऊन तिथूनच येतं. दाराच्या फटी भरा. मग दार लावून आत अगरबत्ती पेटवा आणि फटीजवळ धरा. धूर हलला की समजा, हवा जातेय."

आता एक सांगतो, मला कुणी काम सांगितलं की मी ते अर्धं सोडत नाही. अर्धं ऐकतो, ती गोष्ट वेगळी.

छतावर चुना मारला. खिडकीला थर्माकोल लावला, त्यावर प्लायची फळी ठेवून स्क्रूनं कसली. मग दारासाठी गेलो सियागंजच्या बाजारात. दुकानदार म्हणाला, "दादा, ये फोम ले जाओ. डब्बा हिलाओ, दरार में मारो, फूल के सब पैक कर देगा. पर थोड़ा-थोड़ा मारना."

थोडं म्हणजे किती? ते डब्यावर लिहिलेलं असणार. पण इतकी बारीक अक्षरं, अन् इंग्रजी! मला तर मराठीच एकेक अक्षर जोडत वाचावं लागतं. म्हणून मी चष्मा लावून डब्यावरचं चित्र बघितलं. चित्रातला माणूस हसत होता. म्हटलं, मग टेन्शन नाही.

घरी आलो. आमची सुमन, मतलब बायको, खाली गहू निवडत होती. तिला काही बोललोच नाही. म्हटलं, एकदम दाखवू, चाट पडेल.

वर गेलो आणि दार आतून लावलं. आतून का? कारण बाहेरून फोम मारला तर डाग दिसणार. डाग दिसला की सुमन बोलणार. म्हणून आतूनच चारी बाजूंनी मारला. फुस्स! पिवळा फेस आला. थोडासाच वाटला, म्हणून अजून मारला. तोही थोडासाच वाटला. डबा संपला भिया!

मग तो फेस फुगायला लागला. ढोकळा फुगतो ना, तसा. फुगतोय, फुगतोय, थांबायचं नावच नाही. मी खूश! मग पंखा बंद केला आणि अगरबत्तीची अख्खी पुडी पेटवली. खिडकीपाशी धरली, धूर सरळ वर. दारापाशी धरली, धूर सरळ वर. वा रे पठ्ठ्या! पाय वर घेऊन पलंगावर बसलो आणि आपलं काम बघत बसलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

बसल्या बसल्या डोक्यात आलं. धूर बाहेर जात नाहीये. मतलब हवा बाहेर जात नाहीये. मतलब... हवा आत पण येत नाहीये. मग मी ओढतोय काय?

ताडकन उठलो, कडी काढली, दार ओढलं. दार हलेना. पुन्हा ओढलं. भिंतच ओढतोय असं वाटलं. तो फेस आता लाकडासारखा कडक झाला होता. खिडकीकडे पळालो तर फळीला स्क्रू, आणि पेचकस खाली. मोबाइल? तो पण खाली, चार्जिंगला.

अगरबत्त्या विझवायला तांब्यातलं पाणी ओतलं. ओतल्यावर आठवलं, प्यायला तेवढंच होतं.

"सुमन! ए सुमन!"

काही नाही. आवाज जाणार कुठून? मीच पॅक केलंय ना सगळं! आणि गेला तरी ती येणार का? मागच्या होळीला मी तोंडाला पीठ फासून जमिनीवर पडलो होतो, गेलो म्हणून. बिचारी किती घाबरली! मग मी एकदम उठून विचारलं, भजी झाली का. तेव्हाच ती म्हणाली होती, "आता खरंच गेलात तरी मी दोनदा विचारून घेईन."

आता मी श्वास जपून घ्यायला लागलो. एक घेतला की थांबायचं. थांबलं की भीती वाटायची, भीती वाटली की पुढचा श्वास डबल लागायचा. काटकसर काही जमेना! घामानं बनियन चिकटलं. मिलिंदचं तोंड डोळ्यासमोर आलं. पोरगा लोकांना काय सांगेल? बाबा कशानं गेले? एसीनं? एसी तर अजून लागला पण नव्हता!

पलंगावर आडवा झालो. म्हटलं, जायचंच आहे तर बोलून जाऊ.

"सुमन," मी मोठ्यांदा म्हटलं, "तुझ्या हातच्या तुपात बुडवलेल्या बाफल्यांसारखे बाफले अख्ख्या इंदुरात नाहीत. सराफ्यातल्या खाऊगल्लीत पण नाहीत." बनियननं डोळे पुसले. "माझी मिल बंद पडली तेव्हा तू शिवणकाम करून घर चालवलंस. शाबास गं तुझी! आणि तू लग्नात देखणी होतीस, तशी आता पण आहेस. थोडी जाड झालीस, पण ते तुला शोभतं."

मी रडायला लागलो. खरंच सांगतो, ढसाढसा.

इतक्यात पलंगामागून आवाज आला, "क्या बोले? अब क्या बोले भाईसाहब?"

"बोल रहे हैं, मैं अभी भी सुंदर हूँ. चुप रहो भाभी, आगे सुनने दो."

मला वाटलं, पोचलो वर! पण स्वर्गात शेजारची तिवारी भाभी कशी?

पलंग ओढून बघतो तर काय! भिंतीत हात जाईल एवढं भोक. मी सियागंजात होतो तेव्हा एसीवाला येऊन पाइपासाठी पाडून गेला होता. भोकापलीकडं गच्ची. आणि गच्चीवर या दोघी, खुर्च्या टाकून, हातात चहा!

"अगं ए! मी इथं मरतोय आणि तू चहा पितेस?"

"मरता कसले? या भोकातून धूर दिसला म्हणून मी पळत आले, आधी खूप घाबरले. मग तुमची हाक ऐकली, तेव्हा जिवात जीव आला."

"मग दार का नाही उघडलंस?"

"दार ढकलून बघितलं, हलेना, म्हणून तिवारीजींना करवत आणायला पाठवलंय. तेवढ्यात तुम्ही बोलायला लागलात. आत्तापर्यंत कधी बोललात का असं? म्हटलं, करवतीची काय घाई आहे!"

तिवारीजींनी फेस कापून मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी एसीवाला पाइप टाकायला आला, तर सुमन त्याला म्हणते, "भिया, ये छेद रहने दो. पाइप के लिए दूसरा कर लो."

आता आमच्या खोलीत कुठं एक फट सापडणार नाही. फक्त ते एक भोक. मी एसी लावतो, थंडक तिथून निघून गच्चीवर जाते, आणि या दोघी तिथं आरामात बसतात. काल मी हात जोडून म्हटलं, "अगं, आता तरी बुजवू का?"

म्हणाली, "बुजवा की! पण आधी आत जाऊन बाफल्यांपासून पुन्हा एकदा बोला. भाभी तेव्हा उशिरा आल्या होत्या."